वयनी, तुझ्या अकरा कोंबड्या

वयनी, तुझ्या अकरा कोंबड्या राखणदाराने नेल्या नाहीत. त्या मी मारल्या.

हे वाक्य तीन वर्षं माझ्या तोंडात आहे. तू चुलीपुढे असायचीस, मी पाट्यावर वाटण काढत असायची, दोघीच असायचो. कितीदा ते ओठांपर्यंत आलं आणि मी तुझ्याकडे मीठ मागितलं. काल तुझं तेरावं झालं. मांडवाचे वासे अजून अंगणात पडले आहेत, पत्रावळींवर कावळे भांडताहेत, आणि मी तुझ्या खोलीत बसून लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं. मी शिकवते म्हणाले की तू म्हणायचीस, "तू वाच गो, मी आयकतंय." तर आता ऐक.

मी मयेहून या हळर्णच्या घरात धाकटी सून म्हणून आले, तेव्हा माझ्याकडे मराठी शाळेतली नोकरी होती आणि अंगात मास्तरीण मुरलेली होती. दिसेल त्याला शिकवायची सवय. तू माझी थोरली जाऊ, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. पहिल्याच आठवड्यात मी तुला भात कसा शिजवावा हे सांगितलं होतं, आठवतं? तू ऐकून घेतलंस, मान हलवलीस, आणि नंतर आयुष्यभर पाहुण्यांसमोर माझी नक्कल केलीस. मला राग यायचा आणि हसूही यायचं.

शेत दादांचं, काजूच्या दारूची भट्टी दादांची. दादा म्हणजे तुझा नवरा, माझे थोरले दीर. स्वयंपाकघर सासूबाईंचं. तुला मूल झालं नाही. मागच्या दारचं कोंबड्यांचं गूड, म्हणजे खुराडं, तेवढं तुझं होतं. तिथे तुझा शब्द चालायचा. सकाळी तू दार उघडून "बा बा बा" केलंस की त्या तुझ्या पायांत यायच्या, आणि त्या वेळी तुझ्या चेहऱ्यावर जे यायचं ते घरात इतर कुठे दिसत नसे. मला ते दिसत होतं. दिसत असूनही मी त्या गुडात हात घातला.

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षीचा उन्हाळा. घरात दादांचा आवाज चढलेला, मराठी की कोंकणी यावर येणाऱ्या-जाणाऱ्याशी वाद, आणि मी मराठीची शिक्षिका म्हणून त्या वादात पुढे. तू शेंगा सोलत म्हणालीस, "माज्या कोंबयांक दोनूय कळतात. तुमकांच एक पुरना." दादांनी तुझ्याकडे बघितलं आणि तू शेंगा घेऊन आत गेलीस. तो वाद आपल्या दोघींचा कधीच संपला नाही. मी म्हणायची, तू बोलतेस ती मराठीचीच एक बोली. तू म्हणायचीस, मग तू माझ्यासारखी बोलून दाखव. मला ते धड कधी जमलं नाही.

त्या मार्चमध्ये कोंबड्या वाढवायचं ठरलं. ठरवलं मी. मला एका प्रदर्शनात पत्रक मिळालं होतं, त्यात ऱ्होड आयलंड जातीचं कौतुक होतं. लालभडक, भरदार, अंड्यांना चांगल्या. मयेला माझ्या भावाकडे होत्या. मी बसने चार कोंबड्या टोपलीत घालून आणल्या. डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पेडणे, आणि सगळा वेळ त्या टोपलीत धापा टाकत होत्या. तू एकीला काखेत घेतलंस. मानेवरच्या पिसांवर फुंकर मारलीस. खालची कातडी दिसेना, इतकी ती दाट. तू म्हणालीस, "ही कोंबी न्हय गो. कांबळ पांगरून इल्ली सोयरी ही. मे म्हयन्यात काय करतली?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी पत्रक वाचून दाखवलं. तू सगळं ऐकलंस आणि मग माझी शाळा घेतलीस. ती शाळा मला शब्दन्‌शब्द आठवते. कोंबडी घेताना आधी तुरा बघ. तुरा मोठा पाहिजे, "थंयसून गरमी भायर सरता." अंग हलकं पाहिजे. पायांवर पिसं नकोत. पंख उचलून बघ, खाली उघडी कातडी किती आहे. भर दुपारी जी सावलीत पंख पसरून गप्प उभी राहते ती शहाणी, जी धावते ती दोन उन्हाळे काढत नाही. आणि सगळ्यांत चांगली ती उघड्या मानेची, जिच्या गळ्याला पिसंच नाहीत. दिसायला कुरूप, बाजारात कोणी घेत नाही, म्हणून तुला ती नेहमी मिळायची. तुझ्या सात गावठी कोंबड्यांतल्या चार तशा होत्या. आणि तुझा कोंबडाही तसाच, तांबडा-काळा, गळा नागडा, डोळा लाल. तो कधी गुडात झोपला नाही. फणसावर चढायचा.

मी तुझं ऐकलं नाही असं नाही. भांड्यांच्या बाबतीत ऐकलं. मी पत्र्याची पाण्याची भांडी आणली होती, ती दुपारी हात लावता येणार नाहीत इतकी तापायची. तू ती उचलून न्हाणीत ठेवलीस. मग मी माहेरी गेले तेव्हा डिचोलीच्या कुंभाराकडून मातीच्या उथळ परळ्या आणल्या. त्या बघून तू इतकी खूश झालीस की सासूबाईंना दाखवायला नेल्यास. त्यांत तू सकाळी पेजेचं गार निवळ ओतायचीस. दाणे पहाटे आणि सांजेला, दुपारी एक दाणा नाही. दुपारी पोटात अन्न असलं की अंग आतून तापतं, हे तुला कोणी शिकवलं होतं? तू म्हणालीस, दुपारी जेवल्यावर तुला स्वतःला काय होतं ते बघ.

पण गूड मात्र मी बदललं. मुंगसाने दोन पिल्लं नेली होती, त्याचं निमित्त केलं. जुनं लाकडाच्या पट्ट्यांचं, हवेशीर गूड मोडून चिऱ्यांचं बांधून घेतलं, वर पत्रा. तू म्हणालीस, खिडकी ठेव. मी गवंड्याला सांगून मुठीएवढी दोन भोकं ठेवली. मुंगूस येईल म्हणून. तू रोज सकाळी पत्र्यावर माडाची ओली चुडतं, म्हणजे झावळ्या, टाकायला लागलीस आणि दुपारी कोंबड्यांना गुडात ठेवणं बंद केलंस. फणसाखाली त्या आणि त्यांच्याजवळ तू.

मग कोंबड्याचा प्रश्न आला.

शेताच्या कडेला आपला राखणदार, शेत राखणारा देव. पावसाआधी त्याला नारळ आणि कोंबडा द्यायचा, म्हणजे वर्षभर तो शेत, गुरं, माणसं सांभाळतो. दरवर्षी दादा एका पिल्लाकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणायचे, हा राखण्याचा. एकदा असं नाव घेतलं की तो कोंबडा घरचा राहत नाही. त्या वर्षी त्यांनी बोट दाखवलं ते तुझ्या उघड्या मानेच्या कोंबड्याकडे.

तू आयुष्यात दादांच्या शब्दापुढे शब्द काढला नव्हतास. त्या दिवशी काढलास. तुझी ठिपक्यांची कोंबडी खुडूक बसायला आली होती, पुढच्याही दोघी बसतील असं तुला वाटत होतं, आणि उन्हात तगणारी पिल्लं हवी असतील तर बाप तोच हवा होता. "नाका म्हणत नाय मी," तू म्हणालीस. "पावसानंतर घेवा. आता पिल्लां करूची आसत. दुसरो खंयचोय घेवा."

"राखण्याच्या नावान सोडलेलो कोंबो परत घरचो जायना," दादा म्हणाले.

"तो घरचो करीत नाय. थोडे दीस उसनो मागतंय."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी दारात उभी होते. मला तुझा अभिमान वाटला आणि मी बोलूनही गेले, "वयनी बरोबर सांगतात." माझं ते एक वाक्य तुझ्या बाजूने. त्यानंतर तीन वर्षांत माझ्या तोंडून तसं एकही निघालं नाही. दादा रागाने नुसता नारळ घेऊन गेले. कोंबडा फणसावर राहिला.

चार दिवसांनी पेडण्याला आपल्या नात्यात लग्न होतं. सगळे गेलात, माझे यजमानही आमच्या मुलाला घेऊन गेले. मी घरी राहिले, कारण कोणीतरी राहायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मला लग्नाच्या मांडवात घामाघूम व्हायचं नव्हतं. निघताना तू लुगड्याचा पदर सारखा करत मला म्हणालीस, "दनपारां गुडात घालू नाको हां. फणसाखाली रवतली ती." मी हो म्हटलं. हे मी इथे लिहून ठेवते आहे. तू सांगितलं होतंस, मी हो म्हटलं होतं.

अकराच्या सुमारास शेजारीण ओरडत आली. तिने अंगणात कोकमाची सोलं वाळत घातली होती आणि माझ्या लाल कोंबड्या त्यात नाचल्या होत्या. माझ्याच, वयनी. तुझ्या तर फणसाखाली गप्प उभ्या होत्या. ती मला वाट्टेल ते बोलली, मास्तरीण म्हणून टोमणेही मारले. मी चिडले. सगळ्या अकराच्या अकरा गुडात घातल्या, फणसाखाली टोपलीत अंड्यांवर बसलेली ठिपक्यांचीही टोपलीसकट. कोंबडा हाती लागला नाही, उडून फणसावर बसला.

दार लावणार तेवढ्यात मला तुझं सांगणं आठवलं. तिथे मी थांबायला हवं होतं. पण पत्रकात लिहिलं होतं की उन्हाळ्यात खाली ओलावा ठेवावा, दाराला ओला गोणपाट टांगावा. मी गोणपाट भिजवून दारावर घट्ट टांगला. आणि खाली घालायला भट्टीमागचा काजूच्या बोंडांचा चोथा आणला. आदल्या दिवशी रस काढून टाकलेला ढीग. वरवरचा हाताला गारेगार लागला. चार घमेली भरून मी तो गुडात वीतभर पसरला. कोंबड्यांनी त्यात चोची घातल्या, मला वाटलं, बघा, खाणंही झालं आणि गारवाही. मी स्वतःवर इतकी खूश होते की संध्याकाळी तुला दाखवायचं ठरवलं.

आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं की चोथ्याचा ढीग आतून पेटल्यासारखा गरम होतो. दुसऱ्या दिवशी त्यात हात घातला तर चटका बसतो, आणि त्याची वाफ डोक्यात चढते. मलाही ठाऊक होतं. भट्टीपाशी ठाऊक होतं, गुडापाशी आठवलं नाही. मी पत्रक वाचत होते.

मी जेवले आणि आडवी झाले. जाग आली ती घर फार शांत वाटलं म्हणून. तीन वाजून गेले असतील. गोणपाट वाळून कडक झाला होता. मी तो बाजूला केला आणि तोंडावर आंबट, गरम वाफ आली, डोळ्यांना पाणी आलं. आधी मला वाटलं त्या निजल्या आहेत.

एक लाल कोंबडी हलत होती. मी तिला बाहेर काढून बोटाने चोचीत पाणी सोडलं. तिने एकदा मान वर केली आणि मग केली नाही. तुझी ठिपक्यांची कोपऱ्यात टोपलीत अंड्यांवरच होती, पंख पसरलेले. अंडी अजून कोमट होती. मी ती हातात धरून बसले. किती वेळ, ते माहीत नाही. वर फणसावर तुझा कोंबडा एकटाच ओरडत होता.

मग माझ्या लक्षात आलं की तुम्ही सगळे पाचच्या बसने परत येणार.

मी तुला आता जे सांगणार आहे ते कोंबड्या मारण्यापेक्षा वाईट आहे. कोंबड्या मी चुकून मारल्या. पुढचं मी विचार करून केलं. मी चोथा खोऱ्याने ओढून काढला आणि भट्टीमागच्या ढिगात परत टाकला. जमीन धुतली. कोरडं तूस पसरलं. गोणपाट विहिरीजवळ वाळत टाकला. कोंबड्या एकेक करून फणसाखाली आणून मांडल्या, ठिपक्यांची तिच्या टोपलीसकट. हात साबणाने धुतले, तरी बोंडांचा वास येत होता, पण मे महिन्यात पेडण्याच्या कुठल्या बाईच्या हाताला तो येत नाही? बस थांबल्याचा आवाज आला तेव्हा मी फणसाखाली उभी होते. तरी मी सांगणार होते. शपथेवर सांगते, मी तोंड उघडलं होतं.

सासूबाई पुढे होत्या. त्यांनी खाली बघितलं. मग वर, फणसावर बघितलं. आणि त्या म्हणाल्या, "सगळ्यो व्हेल्यान राखण्यान. आपलो तेवडो दवरल्यान." सगळ्या नेल्या, स्वतःच्या नावाचा तेवढा ठेवला.

दादांनी टोपी काढली. कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला कितीदा सांगितलं. पण प्रश्नच उरला नव्हता. मी उघडलेलं तोंड मिटलं.

तू बसलीस. एकेकीला मांडीवर घेतलंस, मानेवर हात फिरवलास. मग माझ्याकडे बघून विचारलंस, "गुडात नाय ना घातल्लंस?" मी म्हणाले, नाही, फणसाखालीच होत्या, एकदम पडल्या.

तू मान हलवलीस. दादा म्हणाले, "मी सांगल्लंय तुका." इतकंच. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू स्वतः शिडी लावून फणसावर चढलीस. कोंबडा तुझ्या हाकेला खाली यायचा, पण त्या दिवशी तू हाक मारली नाहीस, वर जाऊन धरलास. कोंबडा देऊन झाल्यावर राखणदारापुढे तू जमिनीला नाक लावलंस. मी तुझ्या मागे नारळ घेऊन उभी होते. तू पुटपुटत होतीस, चुकलंय, चुकलंय. मी मान वर केली नाही, आणि दादांना वाटलं की मी राखणदाराला भ्याले आहे.

मी स्वतःची फार समजूत घातली, वयनी. म्हटलं, चार दिवसांनी विसरेल. म्हटलं, नव्या कोंबड्या आणून देईन. मी आणायला निघालेही, उघड्या मानेच्या, मोठ्या तुऱ्याच्या, तू शिकवल्या तशा. तू म्हणालीस, "नाका गो. माज्या हाताखाली काय येव नये आता." चिऱ्याच्या गुडात लाकडं भरून ठेवलीस.

कधी कधी मला वाटायचं, तुला सगळं कळलं आहे आणि तू मला सांभाळून घेते आहेस. लोक मेलेल्या माणसांबद्दल असं लिहितात, तो सगळं जाणून होता, त्याने क्षमा केली होती. मी तशी सोय करून घेणार नाही. तुला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तू त्या तीन वर्षांत इतकी घाबरून जगली नसतीस. गायीचं वासरू पोटातच मेलं, तू म्हणालीस माझ्यामुळे. सासूबाई न्हाणीत पडल्या, तू चपला घालायच्या सोडल्यास. आणि माझ्या मुलाला टायफॉईड झाला, त्याला म्हापशाला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा तू मासे सोडलेस. तू, जिला बांगड्याशिवाय घास उतरत नसे.

दवाखान्याच्या ओटीवर तू माझा हात धरून म्हणालीस, "माज्याखातीर जालां हां तुज्या पोराक. माका बोल गो काय तरी." तू माझ्याकडून शिव्या मागत होतीस. मी तुला काय दिलं? मी म्हणाले, असं काही मनात आणू नका. मला वाटत होतं की आता सांगितलं आणि पोराला काही झालं तर? म्हणजे बघ, मीही राखणदाराला भिऊ लागले होते. ज्याच्या आड मीच लपले होते त्याला. मनाशी ठरवलं, पोरगा बरा झाला की सांगीन. तो बरा झाला. तुला वाटलं तुझ्या मासे सोडण्याने झाला, आणि त्या आठवड्यात, कोंबड्या गेल्यापासून पहिल्यांदा, तू हसलीस, अंगणात त्याच्याबरोबर चेंडू खेळलीस. ते कसं काढून घेणार होते मी? आणि मला ते किती सोयीचं होतं हेही मला कळत होतं.

तू मला मूल सांभाळून दिलंस. मी शाळेत जायची ती तुझ्या भरवशावर. मला कोंबडी कशी ओळखावी, ऊन कसं ओळखावं, रागावलेल्या माणसापुढे शेंगा घेऊन आत कसं जावं, हे तू शिकवलंस. या घरात मला परकं वाटलं नाही ते एकट्या तुझ्यामुळे. हेही मी कधी बोलले नाही, पण ते न बोलल्याने तुझं काही अडलं नसेल.

शेवटच्या आठवड्यात तू उठत नव्हतीस. मी तुला पेज भरवत होते. तू एकदम म्हणालीस, "परत कोंब्यो घेतल्यास तर कसल्यो घेशी?" मी म्हणाले, उघड्या मानेच्या. "हारलीस," तू म्हणालीस आणि तुझ्या डोळ्यांत जुनी चेष्टा आली. मी तेव्हा वाटी खाली ठेवली. आता सांगायचंच, असं ठरवून ठेवली. पण तूच पुढे बोललीस. "माज्या मागसून एकदा थंय जा. राखण्याक सांग, माजो राग पोराचेर काडू नाका म्हणान."

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तुझे कान चांगले होते, तू शुद्धीवर होतीस. दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हणाले, "सांगीन." आणि वाटी परत उचलली. तू डोळे मिटलेस. मला अजून कळत नाही की मी तेव्हा कशाला भीत होते. तू मला काय केलं असतंस? फार तर माझ्या हातची पेज घेतली नसतीस.

काल तेरावं होतं. पंगत उठल्यावर बायका माजघरात बसल्या. तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलणं झालं, आणि मग सासूबाई म्हणाल्या, "सोन्यासारखी सून, पण राखण्याक उणां केल्यान. थंयसूनच लागलां तिका." दोन-तीन बायकांनी मान हलवली. कोणीतरी दादांना सांगितलं की यंदा दोन कोंबडे द्या, तिच्या वाटचा एक.

मी उभी राहिले, वयनी. सगळं सांगितलं. शेजारणीची सोलं, गोणपाट, चोथा, किती घमेली, किती वाजता उघडलं, चोथा परत कुठे टाकला, जमीन कशी धुतली. वर्गात सांगते तसं, एकामागून एक. शेजारीण तिथेच होती, तिच्याकडे बोट करून म्हटलं, विचारा हिला, मी कोंबड्या गुडात घातल्या की नाही. ती म्हणाली, तीन वर्षं झाली, तिला आठवत नाही. मी म्हणाले, राखणदाराने काही केलं नाही, वयनीने काही केलं नाही, मी केलं.

मला हलकं वाटत होतं.

मग सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "बगा गो," त्या म्हणाल्या, "जावेर कितको जीव हिचो. मेल्लेलीचो दोष आपल्या माथ्यार घेता."

मी म्हणाले, नाही, खरं सांगते. जितक्या मोठ्याने सांगितलं तितक्या त्या रडल्या. एकीने मला जवळ घेतलं. एकीने पाणी आणलं. सकाळपासून पोटात काही नाही तिच्या, असं कोणीतरी म्हणालं. दादा दारात उभे होते, त्यांचेही डोळे भरले होते. ते म्हणाले, "तिका बहीण नाय होती. तू जालंस." आणि मला हात जोडले.

सासूबाई तुझ्या पेटीपाशी गेल्या. तुझं निळं लुगडं, लग्नांना नेसायचीस ते, त्यांनी बाहेर काढलं. सवाष्ण गेलेल्या बाईचं लुगडं, मानाचं. ते त्यांनी माझ्या खांद्यांवर घातलं आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. मी परत एकदा सांगू शकले असते. मी लुगड्याचा काठ हातात धरला आणि गप्प बसले, वयनी.